तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात भूकरमापक म्हणून सुरुवात कशी करावी

बांधाचे भांडण चावडीवरून तहसील कार्यालयात आणि तिथून दिवाणी न्यायालयात पोहोचले, तरी शेवटी सगळे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात, की हद्द नेमकी कुठून जाते. या प्रश्नाचे उत्तर जागेवर उभे राहून, नकाशा हातात धरून देण्याचे काम भूकरमापकाचे असते. दहावीनंतर आयटीआय किंवा पदविका केलेल्या ग्रामीण मुलामुलींना आपल्याच भागात राहून करता येईल अशा मोजक्या तांत्रिक सरकारी नोकऱ्यांपैकी ही एक आहे. तरीही तिच्याकडे बहुतेक जण केवळ ‘आणखी एक स्पर्धा परीक्षा’ म्हणून पाहतात, आणि नेमणूक झाल्यावर पहिल्याच मोजणीला गोंधळून जातात. हा लेख परीक्षेइतकाच त्या पहिल्या मोजणीच्या तयारीसाठी आहे.

नोकरी कोणत्या कार्यालयाची, हे आधी समजून घ्यावे

महाराष्ट्रात शेतजमिनीची अधिकृत मोजणी ग्रामपंचायत किंवा पंचायत समिती करत नाही. ते काम राज्य शासनाच्या भूमि अभिलेख विभागाकडे आहे. पुण्यात जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमि अभिलेख यांचे मुख्यालय आहे. त्याखाली कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर असे सहा विभाग असून जिल्ह्याला अधीक्षक आणि तालुक्याला उपअधीक्षक असतात. मोठ्या शहरांत मिळकत पत्रिकांचे काम नगर भूमापन अधिकाऱ्यांकडे असते. भूकरमापकाचे टेबल बहुधा तालुक्याच्या उपअधीक्षक कार्यालयात असते, मात्र त्याचा खरा दिवस शिवारात जातो.

काही महानगरपालिकाही नगररचना किंवा अभियांत्रिकी विभागासाठी सर्व्हेअर नेमतात. त्यांचे काम रस्त्यांची आखणी, आरक्षणांच्या हद्दी, अतिक्रमणांची पाहणी अशा स्वरूपाचे असते. शिक्षण जवळपास सारखेच लागत असल्यामुळे दोन्हीकडच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे, पण शेतकऱ्याच्या दोन गटांमधली हद्द कायम करून देण्याचे काम भूमि अभिलेख विभागाचे आहे, हा फरक विसरू नये.

शिक्षण

भूकरमापक पदासाठी अलीकडच्या भरतींमध्ये दोन वाटा मान्य होत्या: स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, किंवा दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर व्यवसाय अभ्यासक्रम. ज्याला हेच काम करायचे आहे त्याने आयटीआयची वाट कमी दर्जाची समजू नये. साखळी, होकायंत्र, प्लेन टेबल, थिओडोलाइट, लेव्हलिंग, टोटल स्टेशन आणि ऑटोकॅड ही सगळी ओळख तिथे हातांनी होते, आणि कर्ण-लंब मांडून क्षेत्र काढण्याची सवय लागते. पदविकेत सर्वेक्षण हा अनेक विषयांपैकी एक असतो, मात्र पुढे कनिष्ठ अभियंत्यासारख्या इतर पदांचे दरवाजेही उघडे राहतात. घरची परिस्थिती, जवळची संस्था आणि गणिताची गोडी पाहून निवड करावी. प्रत्येक जाहिरातीत अर्हतेचे शब्द किंचित बदलू शकतात, म्हणून प्रवेश घेण्याआधी मागील जाहिरात आणि त्या वेळचे सेवाप्रवेश नियम मुळातून वाचावेत. शिकवणी वर्गाच्या फलकावर विसंबू नये.

टंकलेखन लोक शेवटी आठवतात. मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट या वेगाची शासकीय प्रमाणपत्रे या पदासाठी मागितली जातात, कारण पदाचे पूर्ण नाव ‘भूकरमापक तथा लिपिक’ असे राहिले आहे. नेमणुकीनंतर मुदत मिळते खरी, पण नव्या नोकरीत दिवसभर उन्हात मोजणी करून संध्याकाळी टंकलेखनाच्या वर्गाला जाणे सोपे नसते. शिक्षण चालू असतानाच हे काम उरकावे.

अभिलेख वाचायला शिकावे

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, आणि नेमका हाच टप्पा कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडत नाही. यंत्र चालवणे आठवड्याभरात येते. जुना अभिलेख वाचायला मात्र वर्षे लागतात, आणि मोजणी चुकते ती बहुतेक वेळा तिथेच.

सातबारा जमीन कोणाची आणि किती हे सांगतो. ती कुठे आहे हे नकाशाच सांगतो. आकारबंदात त्या भूमापन क्रमांकाचे मूळ क्षेत्र आणि आकार, म्हणजे शेतसारा, असतो. मूळ मोजणीच्या वेळी घेतलेली मापे टिपणात सापडतात. गट पडले असतील तर गटबुक आणि एकत्रीकरणाचे अभिलेख पाहावे लागतात, पोटहिस्से झाले असतील तर फाळणी, आणि क्षेत्रात फरक झाला असेल तर कमी-जास्त पत्रक. हे कागद एकमेकांशी जुळतातच असे नाही. जिथे जुळत नाहीत तिथे कोणता कागद कधी आणि कशामुळे तयार झाला हे ज्याला उलगडता येते, तोच चांगला भूकरमापक होतो.

सुरुवात आपल्याच गावापासून करावी. महाभूनकाशा या संकेतस्थळावर घरच्या गटाचा नकाशा पाहावा, त्याचा सातबारा शेजारी ठेवावा आणि शेजारचे गट क्रमांक नकाशावरून वाचून प्रत्यक्ष बांधांवर फिरून यावे. मग तीस मीटरची टेप आणि एक सोबती घेऊन घरचेच शेत मोजावे. समजा शेत चौकोनी आहे, त्याचा कर्ण 120 मीटर भरला आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतून त्या कर्णावर टाकलेले लंब 45 आणि 30 मीटर आले. लंबांची बेरीज 75, तिला कर्णाने गुणून निम्मे केले की 4500 चौरस मीटर होतात, म्हणजे 45 आर. गुंठ्यात हेच क्षेत्र सुमारे साडेचव्वेचाळीस गुंठे, म्हणजे एक एकर साडेचार गुंठे. आपले उत्तर सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी ताडून पाहिले की फरक किती आणि का येतो, हा विचार डोक्यात सुरू होतो. वर्गातल्या दहा तासांपेक्षा ही एक दुपार अधिक शिकवते.

जुन्या टिपणांत मीटर नसतात. तिथे साखळी आणि आणे असतात. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी 33 फुटांची आणि तिचे भाग सोळा आणे. म्हणूनच 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागेचा, म्हणजे 1089 चौरस फुटांचा एक गुंठा झाला, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. टिपणात एखादी बाजू 12 साखळ्या 8 आणे लिहिली असेल तर ती साडेबारा साखळ्या, म्हणजे 412.5 फूट, म्हणजे 125.73 मीटर असते. ही रूपांतरे कागद-पेन्सिलशिवाय जमू लागली, की पिवळ्या पडलेल्या कागदांची भीती जाते. त्यासोबत मोडी लिपीची तोंडओळख करून घेतली तर जुने अभिलेख वाचताना फार उपयोग होतो.

आमच्या घरच्या जमिनीची पोटहिस्सा मोजणी झाली त्या दिवशी मी शाळेत होतो आणि दिवसभर मोजणीमागे फिरलो. बांधावरची जुनी बाभूळ हीच हद्द असे शेजारचे आजोबा ठामपणे सांगत होते आणि माझे काका तितक्याच ठामपणे नाकारत होते. मोजणीदारांनी दोघांचे ऐकून घेतले, पण बाभळीकडे पाहिलेही नाही. त्यांनी टिपण उलगडले, दोन ठिकाणांहून अंतरे घेतली आणि बाभळीपासून सात-आठ पावलांवर घाणेरीच्या झुडपात खणायला सांगितले. हातभर खाली उभा पुरलेला घडीव दगड लागला. त्यानंतर बांधावर कोणी आवाज चढवला नाही. यंत्र अजून पेटीतच होते.

अर्ज, कागदपत्रे आणि परीक्षा

भरती नियमित अंतराने निघत नाही, त्यामुळे जाहिरात आल्यावर कागद जमवायला धावाधाव होते. अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचे आणि जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, संगणक अर्हता, गुणपत्रके आणि लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र यांची एक धारिका आधीपासून तयार असावी. पदे विभागनिहाय भरली जातात, त्यामुळे कोणत्या विभागासाठी अर्ज करायचा हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. केवळ जागा जास्त दिसतात म्हणून दूरचा विभाग निवडला तर नोकरीची अनेक वर्षे तिथेच काढावी लागू शकतात.

2021 च्या जाहिरातीनुसार परीक्षा संगणकावर झाली आणि तिला 200 गुण होते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी असे चार भाग होते. सर्वेक्षणाचा स्वतंत्र भाग नसल्यामुळे पदविकेत चांगले गुण मिळवलेली मुलेही मराठी व्याकरणात मागे पडली तर यादीत येत नाहीत. या चार विषयांचा सराव वेगळा आणि रोज करावा. वेतनश्रेणी 19,900 ते 63,200 रुपये असून त्यावर नियमाप्रमाणे भत्ते मिळतात.

पहिले वर्ष

रुजू झाल्यावर प्रशिक्षण मिळते, पण खरे शिक्षण ज्येष्ठ भूकरमापकाबरोबर शिवारात जाऊनच होते. सुरुवातीचे काही महिने स्वतंत्र प्रकरण मिळावे म्हणून घाई करू नये. मोजणीचा अर्ज आल्यावर शुल्क भरले जाते, मोजणी रजिस्टरचा क्रमांक पडतो, अर्जदाराला आणि लगतच्या कब्जेदारांना तारखेची नोटीस जाते. त्यातली एक नोटीस जरी बजावायची राहिली, तरी पुढे सगळी मोजणी वादात सापडते, म्हणून निघण्यापूर्वी नोटिसांच्या पोचा स्वतः तपासाव्यात. अभिलेखांच्या नकला आदल्या दिवशीच काढून त्यावर पेन्सिलने अंतरे मांडून ठेवावीत.

आता मोजणी बहुतेक ठिकाणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान सांगणाऱ्या फिरत्या यंत्राने, होते. राज्यात 77 ठिकाणी उभारलेली कॉर्स केंद्रे उपग्रहांचे संकेत सतत घेतात, आणि स्वतःचे स्थान अचूक ठाऊक असल्यामुळे त्या संकेतांमधली चूक मोजून ती दुरुस्ती इंटरनेटद्वारे रोव्हरला पाठवतात. त्यामुळे हातातल्या काठीवरचे यंत्र काही सेंटिमीटरच्या आत स्थान सांगते. दाट आमराई, उंच इमारती किंवा मोबाइलला रेंज नसलेली दरी असेल तर मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, यंत्र लावावे लागते. दोन्ही यंत्रे येणे आवश्यक आहे. पण यंत्र जागेवरची वहिवाट तेवढी अचूक टिपते. अभिलेखाची हद्द ते आपण होऊन दाखवत नाही. जुना नकाशा नव्या मापांवर बसवताना कोणते बिंदू स्थिर धरायचे, जुनी विहीर, देऊळ, शिवेचा दगड की शेजारच्या गटाचा निर्विवाद कोपरा, हे ठरवणे माणसाचे काम आहे. धरलेला बिंदूच हललेला असेल तर सगळे शेत तेवढेच सरकते. म्हणून एका बिंदूवर कधीही थांबू नये, आणि मोजणी अर्जदाराच्या गटापुरती न ठेवता लगतच्या गटांचे कोपरेही घ्यावेत.

जागेवर वागावे कसे, हा भाग कोणी लिहून देत नाही. दोन भावांमधल्या वाटणीची मोजणी असेल तर तिथे भावनाही मोजणीला आलेल्या असतात. दोन्ही बाजूंना सारखे ऐकावे, कोणालाही आधीच ‘तुमचे बरोबर आहे’ असे म्हणू नये, आणि हद्द दाखवताना दोघांना बरोबर घेऊन चालावे. जेवण आपल्या डब्यातले असावे. अर्जदाराच्या घरचे आग्रहाचे जेवण कितीही निर्मळ मनाने दिलेले असले, तरी बांधापलीकडून पाहणाऱ्याला ते तसे दिसत नाही. पैशांचा विषय निघालाच, तर शुल्क कार्यालयात भरले आहे एवढेच स्पष्टपणे सांगून काम पुढे चालू ठेवावे. पहिल्या वर्षात या बाबतीत जे नाव होते ते तालुकाभर पसरते आणि पुढे सोबत राहते.

पुढची वाट

सेवेत आल्यावर ठरलेल्या संधींमध्ये विभागीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्यानंतर पदोन्नतीचा मार्ग मोकळा होतो. परिरक्षण भूमापक म्हणून नगर भूमापनाचे काम, पुढे निमतानदार, शिरस्तेदार आणि उपअधीक्षक अशा जागा समोर असतात. गावठाणातील घरांसाठी 24 एप्रिल 2021 रोजी देशभर सुरू झालेल्या स्वामित्व योजनेमुळे ड्रोनच्या चित्रांवरून नकाशे तयार करण्याचे आणि मिळकत पत्रिका देण्याचे कामही या विभागाकडे वाढले आहे. त्यामुळे संगणकावर नकाशे हाताळण्याची आवड असणाऱ्यांना तिथे लवकर संधी मिळते.

निमतानदार हे पद नव्या माणसाने सुरुवातीपासून लक्षात ठेवावे. मोजणी मान्य नसलेला खातेदार निमताना मोजणी मागू शकतो, आणि मग वरिष्ठ अधिकारी तुमच्या मोजणीची जागेवर येऊन फेरतपासणी करतात. त्या वेळी तुम्ही तिथे असालच असे नाही. कदाचित बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेले असाल. तुमच्या वतीने फक्त प्रकरणातले कागद बोलतील. म्हणून कोणते बिंदू स्थिर धरले, कोणता दगड सापडला आणि कोणता सापडला नाही, वहिवाट कोणी दाखवली, कोण हजर होते आणि कोणी सही करण्यास नकार दिला, हे सगळे त्याच दिवशी, शिवारातच, तारीख घालून लिहून काढावे.