गाव सोडून गेलेल्या आबाजींचं आयुष्य कसं लिहून ठेवावं

घरातला मोठा माणूस गेला की तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं. लेकी, बहिणी, चुलतभाऊ, शहरात त्यांच्यासोबत एका खोलीत राहिलेला एखादा म्हातारा, सगळे एकाच ओसरीवर. अशी बैठक पुन्हा जमत नाही, म्हणून कामाला तेव्हाच लागा. दुःखात कसं विचारावं असा संकोच वाटतो, पण त्या दिवसांत माणसं दुसरं काही बोलतच नसतात. आपण जवळ जाऊन बसायचं, सांगून मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करायचं. वही-पेन काढू नका. वही दिसली की म्हातारी माणसं शुद्ध बोलायला लागतात आणि अर्धी गोष्ट आत राहते.

आमचे आबाजी दारव्हा तालुक्यातले. कोरडवाहू शेती आणि खाणारी तोंडं फार, म्हणून ते नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये लागले. जमशेदजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ती गिरणी, आमच्या भागातली किती घरं तिच्यावर जगली! आबाजींच्या मागोमाग त्यांचा भाऊ गेला, मग साळा, मग गावातली आणखी पोरं. आजी मात्र गावातच राहिली. अशा माणसाचं आयुष्य दोन्हीकडून गोळा करावं लागतं. गावाला त्यांची रात्रपाळी माहीत नसते आणि खोलीतल्या सोबत्यांना त्यांचं शेत माहीत नसतं.

"स्वभावानं कसे होते?" असं विचारू नका. "देवमाणूस होता बाप्पा," असं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा वस्तू विचारा, वाट विचारा, शिदोरी विचारा. पहिल्यांदा निघाले तेव्हा सोबत काय होतं, असं मी त्यांच्या धाकट्या बहिणीला विचारलं. ती लगेच म्हणाली, "भाकरी, जवसाची चटणी अन् बुवाचा जुना कोट. कोट लय मोठा व्हता दादाले, बाह्या दुमडून घातला व्हता त्यानं." मग वाट आली. दारव्ह्याहून शकुंतलेनं, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेनं, मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं बडनेरा, वर्धा, नागपूर. शकुंतलेला 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, त्यामुळे डोळ्यात कोळशाची कणी गेल्याची आठवण प्रत्येकाकडे निघते, आणि त्या कणीसोबत तो कोणासाठी, कशासाठी निघाला होता तेही निघतं.

साल कोणी सांगत नाही. सगळ्यांच्या लक्षात असलेल्या गोष्टीला धरून विचारा. त्यासाठी 1956 फार कामाचं आहे. 14 ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा, 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात, 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले, 20 डिसेंबरला गाडगेबाबा. "गाडगेबाबा गेले तवा मोठी पोरगी पाळण्यात व्हती" एवढं मिळालं तरी लग्नाचं साल जवळपास हाती येतं. पुढच्या काळासाठी तुकडोजी महाराज गेले ते 1968, लाल मिलो (परदेशी ज्वारी) खाल्ली तो 1972 चा दुष्काळ, मोवाडचा पूर 1991.

कागदांत शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवर एकदम विसंबू नका. जन्मतारीख 1 जून किंवा 1 जुलै असेल तर ती बहुतेक गुरुजींनी अंदाजानं टाकलेली. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल मागा. तिथे बाळाचं नाव नसतं बऱ्याचदा, बापाच्या नावापुढे नुसतं 'मुलगा' असतं, म्हणून पणजोबांचं पूर्ण नाव पाठ करून जा. शेताचे जुने फेरफारही, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. शहरातल्या पगारातून जमीन कधी घेतली, कोणाच्या आजारपणात विकली, हे तिथं सापडतं.

पण खरा खजिना घरातच असतो. पूर्वी मनीऑर्डरचं कुपन घेणाऱ्याकडे राहायचं आणि सही-अंगठ्याची पोच पाठवणाऱ्याकडे परत जायची. आजीनं कुपनं भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवली होती, पोचपावत्या आबाजींच्या पेटीत. दोन्ही ढीग ओट्यावर मांडून पोस्टाच्या शिक्क्यांवरून जोड्या लावा. एका कागदावर आबाजींच्या दोन ओळी, "वखरणी करून घेणे, भाऊच्या पोराला शाळेत घालणे", आणि जोडीच्या कागदावर आजीचा जांभळा अंगठा, कडेला थोडा पसरलेला. जिथं काही महिने कागदच नाही तिथं थांबा आणि आजीला, नाहीतर आत्याला विचारा, तेव्हा घर कशावर चाललं? आमच्याकडे याच प्रश्नानंतर कळलं की आजी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची आणि हे तिनं आबाजींना कधी कळवलं नाही. आबाजींनी घर उभं केलं असं सगळे म्हणतात. त्या घराचा हा अर्धा हिस्सा लिहिल्याशिवाय त्यांचं आयुष्य लिहून होत नाही, असं मी ठामपणे म्हणते.

सालदाराला, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्या गड्याला, विसरू नका. पाडव्याला सालाचा सौदा कसा व्हायचा, पोळ्याला कापड मिळायचं का, उचल मागितली तर आबाजी काय म्हणायचे, हे त्याच्याइतकं कोणी सांगणार नाही. त्याच्या घरी जाऊन विचारा, आपल्या ओट्यावर बोलावून नाही.

दोघांनी एकच गोष्ट वेगळी सांगितली तर दोन्ही लिहा, कोणी सांगितली तेही लिहा. हिस्सेवाटणीचं भांडण गाळू नका, मात्र ज्यांचं नाव त्यात येतं त्यांना आधी वाचून दाखवा. मजकूर मोठ्या अक्षरात छापून घ्या, पानाची उजवी बाजू कोरी सोडा आणि वर्षश्राद्धाच्या आधी प्रत्येक लेकीच्या घरी एक झेरॉक्स पोचवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याजवळ बसून वाचा. ते मधेच "असं नाही बाई" म्हणतील, तेव्हा त्यांचं वाक्य त्यांच्याच बोलीत कोऱ्या बाजूला उतरवा, नाव आणि तारीख टाकून.