अमेरिकेत वर्णावरून घर नाकारलं तर काय करायचं, आणि त्याविरुद्धचा नियम टिकवायचा कसा

"सॉरी, ते अपार्टमेंट कालच गेलं" असं मला फोनवर सांगितलं, आणि तासाभराने माझ्या गोऱ्या मित्राने त्याच नंबरवर फोन केला तर त्याला म्हणे आज संध्याकाळीच बघायला या. आपल्यातले बरेच जण असं झालं की गप्प बसतात, व्हिसाची भीती वाटते म्हणून. बसू नका.

आधी लिहून ठेवा, त्याच दिवशी. किती वाजता, कोण बोललं, नेमके शब्द काय होते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, ती कधीही गायब होऊ शकते. मित्राला फोन करायला लावणं ही लबाडी नाही हो, त्याला टेस्टिंग म्हणतात, आणि ज्या टेस्टरला खोटं सांगितलं गेलं तो स्वतःसुद्धा दावा लावू शकतो हे सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच मान्य केलंय. फक्त दोघांनी घर, तारीख, पगार सगळं सारखंच सांगायचं, नाहीतर मालक म्हणणार त्याचा पगार जास्त होता.

मग तक्रार. फेअर हाउसिंग ॲक्ट १९६८ चा आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात त्यावर सही झाली. वंश, रंग, धर्म, मूळ देश, यावरून घर नाकारता येत नाही. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे हडकडे, १ वर्षाच्या आत ऑनलाइन तक्रार करा, फी नाही, वकील लागत नाही, सिटिझन असायचीही अट नाही. थेट कोर्टात जायला २ वर्षं असतात. तक्रार केली म्हणून मालकाने त्रास दिला तर तेही बेकायदेशीरच.

आता नियमाचं. कायदा तोच राहतो पण त्याखालचे नियम सरकार बदललं की बदलतात. दिसायला सगळ्यांना सारखी पण फटका ठरावीक लोकांनाच बसतो अशा अटींबद्दलचा नियम २०१३ मध्ये आला, २०२० मध्ये ढिला केला, २०२३ मध्ये परत आणला. असा बदल येतो तेव्हा फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या राजपत्रात, मसुदा छापतात आणि लोकांचं म्हणणं मागवतात. तिथे फॉरवर्ड आलेला मजकूर चिकटवू नका, त्याला फारसं वजन नसतं. स्वतःचं लिहा, उदाहरणार्थ "मागच्या ३ वर्षांची अमेरिकेतली रेंटल हिस्टरी दाखवा" या अटीमुळे नवीन आलेल्यांना किती घरं बंद होतात. महत्त्वाच्या मुद्द्याला खात्याला उत्तर द्यावंच लागतं, नाही दिलं तर कोर्टात तो बदल अडकू शकतो, म्हणून एकच मुद्दा धरा पण पुराव्यासकट. घरचा पत्ता टाकू नका, लिहिलेलं सगळ्यांना दिसतं. आणि मुदत ईस्टर्न टाइमप्रमाणे धरा, कॅलिफोर्नियात असाल तर ३ तास आधीच संपते.