गगनयानाच्या बातमीतील खर्च आणि धोका कसा पारखावा

खर्चाचा आकडा दिसला, की तो मोठा की लहान हे ठरवण्याआधी त्यात काय काय धरले आहे ते शोधावे. 2018 मध्ये गगनयानाला, म्हणजे माणसाला अंतराळात नेण्याच्या भारताच्या मोहिमेला, मंजुरी मिळाली तेव्हा सुमारे 10,000 कोटी रुपयांचा उल्लेख होत असे; सप्टेंबर 2024 मध्ये ही रक्कम 20,193 कोटींवर गेली. तरीही ‘खर्च दुप्पट झाला’ हा निष्कर्ष घाईचा ठरेल, कारण सुधारित मंजुरीत भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाचा आणि वाढीव मोहिमांचाही समावेश आहे. परदेशाशी तुलना करताना एका उड्डाणाचा खर्च आणि संपूर्ण कार्यक्रमाचा खर्च यांची गल्लत करू नये. अमेरिकी अंतराळ संस्था नासाच्या महानिरीक्षकांनी आर्टेमिस या चांद्र कार्यक्रमाच्या पहिल्या चार मोहिमांसाठी सांगितलेला प्रत्येकी 4.1 अब्ज डॉलरचा आकडा विकासखर्च वगळून आहे.

सुरक्षिततेच्या दाव्याला अधिक वेळ द्यावा. स्पेस शटल या अमेरिकेच्या पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानाच्या व्यवस्थापनाच्या मते अपघाताची शक्यता लाखात एक होती, तर अभियंते ती शंभरात एकच्या आसपास मानत, असे चॅलेंजर या शटलच्या 1986 मधील अपघाताच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नोंदवले. अखेर 135 उड्डाणांत दोन याने आणि 14 अंतराळवीर गमावले गेले. म्हणून केवळ शक्यतेच्या आकड्यावर न थांबता उड्डाण, कक्षेतील वास्तव्य आणि परतीचा प्रवास या प्रत्येक टप्प्यावर बिघाड झाल्यास माणसे कशी वाचतील, हे विचारावे. चॅलेंजर उड्डाणानंतर 73 सेकंदांत तुटले आणि त्यातून सुटकेची सोयच नव्हती; उलट ऑक्टोबर 2018 मध्ये सोयुझ या रशियन यानाचा प्रक्षेपक वाटेत बिघडला, तेव्हा बचाव यंत्रणेमुळे दोन्ही अंतराळवीर सुखरूप उतरले. गगनयानाच्या अशाच यंत्रणेची 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोटा येथे झालेली चाचणी यशस्वी ठरली, पण तिने चढाईतील एक प्रसंग तपासला. प्राणवायूचा पुरवठा किंवा वातावरणात परतताना लागणारे उष्णतारोधक कवच यांची तपासणी तिच्यात नव्हती. ‘चाचणी यशस्वी’ या मथळ्याखाली हा तपशील बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतो.

विलंबाच्या बातमीने लगेच नाराज होऊ नये. गगनयानाचे मूळ लक्ष्य 2022 होते हे खरे; परंतु घाई कशी महागात पडते हेही आठवावे: कडाक्याच्या थंडीत प्रक्षेपकाच्या सांध्यांतील रबरी कड्या निकामी होतील, असे अभियंते बजावत असतानाही चॅलेंजर सोडले गेले होते.

भवितव्याबाबत लक्ष्य आणि मंजुरी यांत फरक करावा. 2035 पर्यंतचे स्थानक आणि 2040 पर्यंत भारतीयाचे चंद्रावर पाऊल ही जाहीर उद्दिष्टे आहेत; 2024 च्या त्या मंजुरीत मात्र स्थानकाचा पहिलाच भाग आहे.