सोलापूर–वैराग–बार्शी: नसलेली रेल्वे सिम्युलेटरमध्ये कशी बांधावी

सोलापूरहून वैरागमार्गे बार्शीला जाणारी रेल्वे कधी नव्हती. बार्शी लाईट ही छोटी रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला आली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज असं करत सव्वातीनशे किलोमीटर पसरली, पण सोलापूर शहराला तिनं तोंड दाखवलं नाही. त्यामुळे आपण आजही नान्नज, वडाळा, वैराग करत एसटीनंच बार्शीला जातो. ही न झालेली लाईन मी ट्रेन्झ या रेल्वे सिम्युलेटरमध्ये बांधली. एकदा नाही, चारदा. पहिल्या तीन फेकून दिल्या, आणि तिन्ही रुळाचा चढ-उतार चुकल्यापायी. हा लेख मुख्यतः त्या चुकीबद्दल आहे. ट्रेन्झ कसं बसवायचं, त्यातला मार्ग बांधायचा सर्व्हेअर कसा उघडायचा, हे ज्यांना येतं त्यांच्यासाठीच पुढचं आहे.

आधी गाडीला पोट द्या

काल्पनिक मार्ग म्हणजे वाटेल तिथं रूळ, असं नाही. गाडी कशाला धावते याचं उत्तर दोन ओळींत देता आलं नाही तर पुढं जाऊ नका. माझं उत्तर साधं होतं: बार्शी-वैरागच्या बाजारातलं धान्य आणि कापूस सोलापूरच्या गिरण्यांकडे, उलट्या बाजूनं कोळसा आणि कापड, आणि आषाढी-कार्तिकीला माणसं. इथली पहिली कापडगिरणी १८७७ ची. म्हणजे पुढच्या तीसेक वर्षांत कुणा कंपनीच्या डोक्यात अशी लाईन आली असती, तर कुणी वेड्यात काढलं नसतं.

कारण ठरलं की गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आपोआप ठरतं. मी अडीच फुटी नॅरोगेज घेतलं, बार्शी लाईटचंच. तिची सगळी युक्ती हलकेपणात होती: एका आसावर पाच टनांच्या वर भार नाही, म्हणून लांबीच्या दर यार्डाला ३० पौंड वजनाचे बारीक रूळ पुरले. ब्रॉडगेजला आपल्याकडे जास्तीत जास्त १० अंशांचं वळण चालतं, नॅरोगेजला ४० अंशांपर्यंत. १७५० ला अंशांनी भागलं की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. म्हणजे एकीकडे १७५ मीटर, दुसरीकडे जेमतेम ४४. उंचवटा आडवा आला की ब्रॉडगेज तो खोदते, नॅरोगेज त्याला वळसा घालते. हा फरक डोक्यात ठेवा, पुढं कामाला येईल.

काळही आत्ताच ठरवा. मी १९८० घेतला. १९७० घेतलात तर सोलापूर विभाग दक्षिण मध्य रेल्वेत होता हे विसरू नका. तो १९७७ मध्ये मध्य रेल्वेत परत आला. डब्यांवर चुकीचं नाव रंगवलेले मार्ग मी पाहिलेत आणि बंद केलेत. १९८० च्या सोलापूर स्टेशनात ब्रॉडगेज होती, होटगीमार्गे गदगला जाणारी मीटरगेजही होती. आपली नॅरोगेज धरली की तिन्ही गेज एका आवारात. एवढ्यासाठी तरी हा मार्ग बांधण्यासारखा आहे.

जमीन आणणं

एसआरटीएम, म्हणजे अंतराळातून मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा, दर तीस मीटरला एक आकडा देणारा डेटा फुकट मिळतो. तो ट्रान्सडेम या जमीन ट्रेन्झमध्ये नेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घ्या, आपल्या भागाचा नकाशा-पट्टा म्हणून यूटीएम झोन ४३ उत्तर निवडा, सॅटेलाइट नकाशा वर पसरा, ट्रेन्झमध्ये पाठवा. ग्रिड, म्हणजे जमिनीची जाळी, पाच मीटरची ठेवा, दहाची नको. एक बोर्ड, म्हणजे जमिनीचा चौकोनी तुकडा, ७२० मीटरचा, म्हणजे सत्तर किलोमीटरला नुसत्या एका रांगेत शंभरेक बोर्ड लागतात. म्हणून पहिल्यांदा सोलापूर ते वडाळा एवढंच घ्या. बार्शी कुठं पळून जात नाही.

एल-सेक्शन (रुळाच्या चढ-उताराचा उभा छेद): इथंच सगळे मरतात

जिकडं तिकडं एकच सल्ला मिळतो: आधी रूळ अंथरा, चढ-उतार नंतर नीट करता येतात. हा सल्ला देणाऱ्यानं एक तर सपाट मैदानात मॉडेल रेल्वे केलेली असते, नाही तर मार्ग कधी पूर्ण केलेला नसतो. मी त्याचं ऐकलं आणि माझे पाच महिने गेले.

आपला भाग फसवा आहे. घाट असता तर माणूस पहिल्यापासून सावध राहिला असता. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, बार्शी पाचशेच्या जरा वर. सत्तर किलोमीटरमध्ये साठेक मीटर म्हणजे सरासरी हजाराला एकसुद्धा चढ पडत नाही. एसटीच्या खिडकीतून तर सगळं पोळपाटासारखं दिसतं. पण सरासरीवर गाडी चालत नाही. मध्ये ओढे आहेत, ओढ्या-ओढ्यांच्या मध्ये माळाच्या पाठी आहेत, आणि प्रत्येक पाठीवर चढून पुन्हा उतरायचं आहे.

माझ्या पहिल्या मार्गात मी सॅटेलाइट नकाशावर रस्त्याच्या कडेनं वडाळ्यापर्यंत रूळ जमिनीला चिकटवत नेले. वरून बघायला देखणे. बारा वाघिणी (मालडबे) लावून गाडी सोडली, तर ती उंटासारखी चालायला लागली. एका तुकड्यावर ३.८ टक्के चढ, त्याला लागून पुढं २.९ टक्के उतार. मग मी एकेक उंचवटा दाबत बसलो. चादरीखाली हवा अडकली की एकीकडे दाबावी आणि दुसरीकडे फुगावी, तसं. घरचे विचारायचे, रात्रभर काय करताय? काय सांगणार, नान्नजचा माळ दाबतोय म्हणून?

कारण समजायला दुसरा मार्ग फेकून द्यावा लागला. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारनं झाली. रडार जमीन बघत नाही, वर जे असेल ते बघतं: झाडाचा शेंडा, गिरणीचं छप्पर. शिवाय दोन-चार मीटरची चूक त्यात सहज असते. आता गणित करा. ८० ला १ चढावर, म्हणजे ८० मीटरला १ मीटर, रूळ तीस मीटरमध्ये फक्त साडेसदतीस सेंटिमीटर चढतो. आणि आपण तो रूळ कशाला चिकटवतोय? तीस मीटरला तीन मीटर चुकणाऱ्या जमिनीला. तो चढ त्या गोंधळात दिसणारच नाही. म्हणून रुळाची उंची जमिनीवरून कधीही घ्यायची नाही. ती कागदावर ठरवायची, आणि मग जमीन रुळापाशी आणायची. खरी रेल्वेही अशीच बांधतात.

एक्सेल उघडा. चार रकाने: अंतर, जमिनीची उंची, रुळाची उंची, दोन्हींतला फरक. अंतर दर शंभर मीटरला. जमिनीच्या उंचीला मागचे-पुढचे दोन-दोन आकडे धरून पाचांची सरासरी घ्या, म्हणजे रडारचा थरथराट बसतो. मात्र ओढ्यांवर सरासरी लावू नका! ओढा वीस मीटर रुंद असतो, सरासरीत तो बुजून जातो, आणि मग पुलाच्या जागी तुम्ही भराव टाकून बसता. माझं झालंय. ओढे सॅटेलाइट नकाशावर डोळ्यांनी शोधा आणि त्यांच्या तळाची उंची हातानं भरा.

मग रुळाच्या रकान्यात आधी न हलणाऱ्या जागा भरा. सोलापूर यार्ड. बाळे स्टेशनापर्यंत मेन लाईनच्या बाजूनं जाणार असाल तर तिथली पातळी. मोठे रस्ते जिथं फाटकानं ओलांडायचेत त्या जागा. प्रत्येक ओढ्यावर पुराच्या पाण्याच्या वर दीड-दोन मीटर. आणि प्रत्येक स्टेशन: यार्डात ४०० ला १ पेक्षा जास्त उतार नको, १२०० ला १ असेल तर उत्तम, नाहीतर सोडलेली वाघीण आपली आपण बार्शीला निघते. या जागा बसल्या की त्यांच्यामध्ये सरळ रेषा ओढत जायचं. चढ बदलण्याच्या दोन जागांत निदान गाडीच्या लांबीएवढं अंतर हवं. माझी सर्वांत लांब गाडी दीडशे मीटरची, मी दोनशे धरतो.

एक खरं उदाहरण. वडाळ्याच्या अलीकडे ओढ्यावरच्या पुलापासून पुढच्या पाठीच्या माथ्यापर्यंत सहाशे मीटर, आणि माथा पुलाच्या पातळीपेक्षा चौदा मीटर उंच. सरळ गेलो तर ४३ ला १. आपली मर्यादा ८० ला १. त्या चढानं सहाशे मीटरमध्ये साडेसात मीटरच चढता येतं, म्हणजे माथ्यावर साडेसहा मीटर खोल कटिंग. ब्रॉडगेजवाला खोदेल. आपली कंपनी गरीब आहे, तिला भराव चार मीटर आणि कटिंग साडेतीन मीटरच्या पुढं परवडत नाही. म्हणून पाठीला वळसा: सहाशेचे नऊशे मीटर केले. सव्वाअकरा मीटर चढलो, कटिंग पावणेतीनवर आली.

इथं माझा तिसरा मार्ग मेला. वळणावर गाडीला जास्त ओढ लागते, म्हणून वळणात चढ कमी करावा लागतो: नॅरोगेजला दर अंशाला ०.०२ टक्के. दहा अंशांच्या वळणाला ०.२. ८० ला १ म्हणजे १.२५ टक्के, त्यातून हे गेलं की १.०५, म्हणजे ९५ ला १. वळशाचे तीनशे मीटर वळणात होते, तिथं साठ सेंटिमीटर हातचे गेले, आणि कटिंग पावणेतीनवरून जवळपास साडेतीनवर. काठावर पास. हे मी धरलं नव्हतं, आणि भरलेली गाडी नेमकी त्याच वळणात चाकं फिरवत उभी राहायची. इंजिन बदलून पाहिलं, वाघिणींचं वजन बदलून पाहिलं. दोष रुळात असताना आपण इंजिनाला शिव्या देतो.

फरकाचा रकाना शेवटी वरपासून खालपर्यंत वाचा. अधिक म्हणजे भराव, उणे म्हणजे कटिंग. मर्यादेबाहेरचा आकडा दिसला तर रूळ वर-खाली करण्याआधी मार्ग बाजूला सरकवून पाहा; दोनशे मीटर डावीकडे गेलं की बऱ्याचदा प्रश्न मिटतो. पंचवीस किलोमीटरच्या अडीचशे ओळींना मला नऊ संध्याकाळी लागल्या. त्या नऊ संध्याकाळी वाचवायला गेलो म्हणून पाच महिने गेले होते.

रूळ टाकणं

आता ट्रेन्झ. स्प्लाइनचे (रूळ ज्या वाकणाऱ्या रेषेवर बसतो तिचे) बिंदू सारख्या अंतरावर टाका, चढ बदलतो तिथं एक हवाच, आणि प्रत्येकाला तक्त्यातली उंची आकड्यानं द्या, माऊसनं ओढून नाही. बिंदू एक पन्नास मीटरवर आणि पुढचा चारशेवर असं केलंत तर मध्ये रूळ पोट काढतो. दोन्ही टोकांचे आकडे बरोबर, मध्ये कुबड.

मग पूल बसवा. मगच स्मूथ स्प्लाइन या आज्ञेनं जमीन रुळापाशी आणा. हा क्रम उलटा झाला तर ओढा भरून निघतो. पुलाच्या तुकड्यावर क्लिक करू नका, आणि स्मूथ स्प्लाइन चालवण्याआधी मार्गाची प्रत काढून ठेवा.

बाकीचं

स्टेशनं: गाड्या एकमेकींना ओलांडायला एक लूप, एक मालधक्का, बस. फक्त सोलापूरला वेळ द्या, कारण तिथं नॅरोगेजचं पोतं उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवायचं आहे. दोन्ही रुळांच्या मध्ये लांब शेड हवी. सिग्नल होम (स्टेशनाच्या तोंडाशी) आणि आउटर (त्याच्या अलीकडे) या दोहोंवर भागतात, पण ते कुठल्या तोंडानं लावलेत हे दोनदा बघा.

झाडांबद्दल एकच सांगतो: हिरवा रंग आवरा. पॅकेजबरोबर येणारं विलायती गवत नान्नजच्या माळावर पसरलेलं पाहिलं की जीव जातो. तिथं पिवळं, खुरटं गवत, त्यात काळवीट. माळढोक अभयारण्य १९७९ चं, म्हणजे आपल्या काळात ते नुकतं झालंय. फलक लावायला हरकत नाही. शेतात काळी माती, बांधावर बाभळी, विहिरीपाशी कडुनिंब. हिवाळा धरलात तर ज्वारी उभी करा.

चाचणी डीसीसी मोडमध्ये (खेळण्यातल्या गाडीसारखं सोपं चालवणं) घेऊ नका, त्यात सगळे चढ गोड लागतात. कॅब मोड (खऱ्या इंजिनासारखं चालवणं), वाफेचं इंजिन, भरलेल्या वाघिणी, आणि दोन्ही दिशांनी. सोलापूरकडे उतरताना ब्रेक सोडून बघा, गाडी कुठं पळते ते कळेल.

सर्वांत शेवटी स्टेशनांच्या पिवळ्या पाट्या. नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची असते. ती नकाशावरून घेऊ नका, एक्सेलच्या तिसऱ्या रकान्यातून उचला. वडाळ्याची पाटी मी चौथ्या वेळी लावली, तेव्हा पहिल्यांदा त्या पाटीवरचा आकडा आणि खालचा रूळ एकाच उंचीवर होते.