स्फटिकी झिलई: भट्टी लावण्याआधी या चुका टाळा

नाशिकमध्ये हौसेने कुंभारकाम शिकणाऱ्यांची संख्या वाढली, तशी स्फटिकी झिलईची, म्हणजे जिच्यात फुलांसारखे स्फटिक उमटतात अशा काचेच्या लेपाची, मागणीही वाढली आहे. फुलदाणीवर उमटलेली निळी फुले मोबाइलवर पाहिली की, ज्याची माती अजून चाकाच्या मध्यावर स्थिर होत नाही, त्यालाही तीच झिलई हवी असते. हौसेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती दर वेळी त्याच चुकांनी भट्टी खराब होण्याला.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ही झिलई वाहणारच, हे मान्य न करणे. साध्या झिलईतील अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचे ऑक्साइड) वितळलेल्या काचेला भांड्यावर धरून ठेवते. स्फटिकी झिलईत मात्र ती मुद्दाम जवळजवळ वगळलेली असते, कारण घट्ट काचेत स्फटिकांची वाढ खुंटते. साधारण निम्मे सोडियमयुक्त फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच), पाव भाग झिंक ऑक्साइड आणि उरलेली बहुतांश सिलिका (गारेची पूड) असे हे मिश्रण १२६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की काकवीसारखे वाहू लागते. म्हणून प्रत्येक भांड्याखाली त्याच मातीची बैठक आणि बैठकीखाली ओघळ झेलणारी थाळी लागते.

अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका हौशी गृहस्थांना हे मी दोनदा सांगितले होते. सामायिक भट्टीत त्यांनी आपल्या फुलदाण्या नुसत्या किल्न वॉश (झिलई चिकटू नये म्हणून द्यायचा लेप) लावलेल्या शेल्फवर ठेवल्या. थाळ्या करण्यात आठवडा जाईल आणि झिलई वाहून वाहून किती वाहणार, असा त्यांचा हिशेब होता. भट्टी उघडली तेव्हा फुलदाण्यांच्या माना कोरड्या पडल्या होत्या, सगळी झिलई बुडाशी जमून शेल्फवर पसरली होती आणि शेल्फच्या कडेवरून ओघळलेला काचेचा थेंब खालच्या शेल्फवरील दुसऱ्याच कोणाच्या वाडग्यात गोठला होता. एक ओघळ भिंतीतील खाचेत शिरून भट्टी तापवणाऱ्या तारेला चिकटला होता. तो छिन्नीने काढताना विटेचा टवका उडाला, तार बदलावी लागली आणि वाडग्याच्या मालकिणीची समजूत काढण्याचे काम माझ्याकडे आले. आठवडा वाचवण्याची ही किंमत.

माझी सवय अशी: बैठकीचा घेर भांड्याच्या बुडाएवढाच ठेवायचा, दोहोंमध्ये अॅल्युमिना आणि केओलिन (पांढरी चिनी माती) पांढऱ्या गोंदात कालवून लावायचे, झिलई वरच्या भागात जाड आणि बुडाकडे पातळ द्यायची. थाळीला झिलई लावलेली मला चालत नाही, ती कितीही सुंदर दिसो.

दुसरी चूक घाईची आहे. बहुतेकांचे सारे लक्ष वरचे तापमान गाठण्यावर असते. वस्तुतः झिंक सिलिकेटचे स्फटिक, म्हणजेच ती फुले, तेथे वाढत नाहीत, ते भट्टी झपाट्याने खाली आणून सुमारे १०४० ते १११० अंशांच्या दरम्यान तीन-चार तास धरून ठेवल्यावर वाढतात. हा मुक्काम वीजबिलाकडे पाहून तासाभरावर आणला, तर ठिपके मिळतात आणि मग दोष झिलईच्या कृतीला दिला जातो. या पट्ट्याच्या वरच्या बाजूला स्फटिक काड्यांसारखे आणि खालच्या बाजूला अधिक गोलाकार होतात. मुक्कामातच तापमान थोडे खालीवर केले, तर स्फटिकाभोवती वलये पडतात. पावसाळ्यात मध्येच वीज गेली, तरी अशी वलये आपोआप मिळू शकतात, पण भट्टी हजाराच्या बरीच खाली गेली, तर वाढ थांबते. त्यामुळे जून ते सप्टेंबर मी ही भाजणी शक्यतो लावत नाही, आणि लावलीच तर मुक्काम संपेपर्यंत भट्टीजवळून हलत नाही.

भट्टीच्या नियंत्रकाच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. के-प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी धातूच्या तारांची जोडी) इतक्या उष्णतेत वापरून वापरून हळूहळू चुकीचा आकडा दाखवू लागतो. मी प्रत्येक वेळी भांड्याशेजारी कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका) ठेवतो आणि दोहोंत मतभेद झाला, तर कोनाचे ऐकतो.

गंगाकाठची, म्हणजे आपल्या गोदावरीकाठची, माती या कामाला वापरू नये. आपली माती लोहयुक्त असते आणि एवढ्या तापमानाला ती टिकतच नाही. पांढरे पोर्सलिनच घ्यावे. धुरकट, प्राणवायू कमी पडणारी भट्टीही नको, कारण तेथे झिंक धातू होऊन वाफेने उडून जाते. कच्चे झिंक ऑक्साइड फार आकसते आणि झिलई गोळा होऊन सुटते, म्हणून भाजलेले वापरावे. रंगासाठी कोबाल्ट चिमूटभर पुरतो.

शेवटी बैठक काढताना हातोडी मारू नये. सांध्यावर गॅसच्या बारीक ज्योतीने गोल फिरवत शेक द्यावा, मग छिन्नीने हलकेच टिचकावे आणि बूड डायमंड पॅडवर (हिऱ्याची पूड लावलेल्या घासणीवर) पाण्याखाली घासावे. चष्मा आणि हातमोजे घालूनच. या काचेची धार बोटातून रक्त आल्यावर कळते.