मृगाआधी टॉर्च पाहून घ्या: एक घरासाठी, एक शेतासाठी

वळवाच्या वाऱ्यात तारा तुटतात, खांब वाकतात आणि गावाची लाईट जाते. मृग लागायच्या आत बियाणं, खत, फवारणी पंपाचे वॉशर यांची जुळवाजुळव सगळेच करतात. टॉर्च मात्र अंधार पडल्यावर शोधला जातो आणि तेव्हा त्याचा उजेड काजव्याएवढा उरलेला असतो. येत्या बाजाराच्या यादीत हेही एक काम घाला. घरासाठी एक आणि शेतासाठी एक असे दोन साधे, भरवशाचे टॉर्च हजार रुपयांच्या आसपास होतात.

दोन घ्यायचे ते एकाच जातीचे घेऊ नका. एक चार्जिंगचा असावा, दुसरा दुकानात मिळणाऱ्या साध्या सेलवर चालणारा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर रायगड आणि रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांनीही पाण्यासोबत अंधार सोसला. अशा वेळी चार्जिंगचा टॉर्च पहिल्या दोन रात्री साथ देतो, मग तो भरायचा कशावर? सेलचा टॉर्च आणि न फोडलेलं सेलचं एक पाकीट घरात असेल तर आठवडाभराची सोय होते. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका. त्याची चार्जिंग फोन करायला राखून ठेवायची असते, आणि भर पावसात फोन हातात धरून बांधावरून चालता येत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. ‘10 वॅट’ म्हणजे उजेड नव्हे, तो विजेचा खर्च झाला. उजेड लुमेनमध्ये मोजतात. घरात 100 लुमेन भरपूर होतात. टॉर्च पेल्यात उभा करून छताकडे तोंड केलं की अख्खी खोली उजळते. शेतात पाणी धरायला 200 ते 300 पुरेत. त्यापुढचे आकडे पाहताना एक साधा हिशेब लक्षात ठेवा. चांगल्या एलईडीला 100 लुमेनसाठी ढोबळमानाने 1 वॅट लागतो. चार्जिंगच्या टॉर्चमध्ये बहुधा बोटाहून जाड, 18650 नावाचा लिथियम सेल असतो. तो 2000 एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलची साठवण मोजायचं माप) असेल तर त्यात साडेसात वॅट-तासांच्या आत-बाहेर वीज मावते, म्हणजे 200 लुमेनवर साडेतीन तास. खोक्यावर ‘1000 लुमेन, 10 तास’ लिहिलं असेल तर तेवढ्याला असे तेरा-चौदा सेल लागतील, आणि आत तर एकच दिसतो. या मापाचे चांगले सेल साधारण साडेतीन हजार एमएएचपर्यंत जातात. ‘9900 एमएएच’ छापलेला सेल सरळ खोटा समजा आणि तो टॉर्च खाली ठेवा.

लिथियम सेलवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असायला हवी. आयएस 16046 आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक सेलवर किंवा खोक्यावर शोधा.

मागे घडीचा प्लग असलेले जड, स्वस्त टॉर्च बाजारात अजून भरपूर आहेत. त्यांत शिशाची बॅटरी असते. ती वाईट नसते, पण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडली की कायमची जाते. ‘दिवाळीत घेतला, जूनमध्ये बंद’ ही तक्रार बहुतेक याच टॉर्चची असते. घरात असा असेल तर दर अमावस्येला चार्ज करायची सवय लावा. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. लिथियमचा टॉर्च दोन-तीन महिन्यांनी भरला तरी चालतो. नवीन घेताना मोबाईलच्याच चार्जरवर भरेल असा घ्या, कारण वेगळा चार्जर हरवतोच. टॉर्चच्या पाठीवरच्या चिमुकल्या सौर पट्टीसाठी जास्त पैसे मोजू नका. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसात ती काही देत नाही.

साध्या सेलच्या टॉर्चला मोठे सेल घ्यायचे की पेन्सिल सेल, ते गावच्या दुकानात काय मिळतं यावर ठरवा. सेल अल्कलाइन घेतले तर दर जास्त पडतो, पण ते वर्षानुवर्षं पडून टिकतात. स्वस्तातले जस्ताचे सेल लवकर गळतात आणि गळलेलं रसायन आतली पत्र्याची पट्टी खाऊन टाकतं. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. टॉर्च रोज लागणार नसेल तर सेल काढून टॉर्चशेजारी एकाच पिशवीत ठेवा.

आता शेताकडे. शेतपंपाला रात्रीची लाईट मिळाली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अंधारात जावंच लागतं, आणि त्या कामाला डोक्याला बांधायचा टॉर्चच हवा. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात काठी असताना तिसरा हात कुठून आणायचा? पट्टा रुंद आणि टॉर्चचं तोंड खाली वळणारं पाहून घ्या. उजेड दोन-तीन पावलं पुढे जमिनीवर पसरट पडला पाहिजे. लांब झोत मारणारा टॉर्च दुकानात भारी वाटतो, पण त्याने शंभर फुटांवरचं झाड दिसतं आणि पायाजवळची घोणस दिसत नाही. धुवाधार पावसात किंवा धुक्यात कपाळावरचा उजेड थेंबांवरून परत डोळ्यांत येतो. तेव्हा टॉर्च काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा, समोरचं लगेच स्पष्ट होईल. किडे तोंडावर येत असतील तर पिवळसर उजेडाचा टॉर्च घ्या. पांढऱ्यापेक्षा त्याच्यावर किडे कमी येतात.

टॉर्च पाणी-धूळ किती सोसतो ते खोक्यावरचा ‘आयपी’ क्रमांक सांगतो. पावसासाठी आयपीएक्स4 तरी असावं. ते शिंतोडे सोसतं. आयपी65 पाण्याचा फवारा आणि धूळ सोसतं. आयपीएक्स7 असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास पडलं तरी टिकतं, म्हणजे पाटात निसटला तरी चिंता नाही. पुढचं तोंड ओढून झोत लहान-मोठा करायचे टॉर्च घेऊ नका, त्या फटीतूनच पाणी शिरतं. बटण रबराखाली असावं आणि पहिल्याच दाबाला स्थिर उजेड यावा. लुकलुकणाऱ्या पाच तऱ्हांमधून जावं लागणारा टॉर्च घाईत नकोसा होतो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या दंशापासून टॉर्च हाच पहिला बचाव, हे मनापासून सांगतो. मोटारीची खोपी, स्टार्टरची पेटी, व्हॉल्व्हचा खड्डा, पाइपांचा ढीग, कडब्याची गंजी, यांपैकी कशालाही हात लावण्याआधी उजेड मारा. पायात गमबूट हवाच. मण्यार घरात शिरते, रात्री फिरते आणि तिचा दंश इतका हलका असतो की झोपेत कळतही नाही. म्हणून जमिनीवर अंथरूण टाकताना आणि उठून पाय खाली ठेवताना टॉर्च लावा. दंश झालाच तर घट्ट आवळपट्टी बांधू नका, चिरू नका, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. जुन्नर-शिरूरकडे आणि जिथे जिथे उसात बिबट्या आहे तिथे नुसत्या झोतावर विसंबून एकट्याने जाऊ नका. दोघं-तिघं मोठ्याने बोलत जा, उसाच्या कडेला खाली वाकून बसू नका. बिबट्या दिसल्यास वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

विकत घेतल्यावर दोन परीक्षा त्याच आठवड्यात घ्या. पूर्ण भरून रात्री आठला लावून ठेवा आणि तो कधी मंदावतो ते पाहा. मग खोक्यावर जेवढं पाणी सोसेल असं लिहिलंय तेवढं पाणी त्याला दाखवा. बदलून घ्यायची मुदत असते, बिल जपून ठेवा.

घरातला टॉर्च एकाच खिळ्याला टांगा, त्यावर रेडियमची पट्टी चिकटवा आणि लहान मुलांनाही जागा दाखवून ठेवा. गॅसचा वास येत असेल तर घरात बटण दाबू नका, टॉर्चचंही नाही. आधी बाहेर पडा. फुगलेला लिथियम सेल वापरू नका, चुलीत टाकू नका. चार्जिंगला लावलेला टॉर्च अंथरुणावर किंवा चाऱ्याजवळ ठेवू नका. आणि वादळानंतर रात्री बाहेर पडावं लागलं तर पहिला झोत वर तारांकडे, दुसरा साचलेल्या पाण्याकडे मारा. तुटलेली तार दिसली तर लांबच थांबा, जनावरं आणि माणसं तिकडे जाऊ देऊ नका आणि 1912 वर कळवा.