फ्लोराइड व्हार्निशच्या ब्रशला दांडी कशी घडवावी

शाळेच्या शिबिरात मुलांच्या दातांना फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे कीड रोखणारा लेप, लावताना तो इवलासा ब्रश चिमटीत धरून दुपारपर्यंत माझा अंगठा भरून यायचा. म्हणून दांडी स्वतःच घडवायला घेतली. तुम्हीही घेणार असाल तर सुरुवात मुलाच्या तोंडापासून करा.

शेवटच्या दाढेपाशी, गालाच्या आत, जागा जेमतेम बोटभर. पाच वर्षांचं पोर तोंड उघडतं तेही क्षणभर. म्हणून टोक बारीक, मानेला थोडा बाक. बाक किती? मी प्लास्टरच्या जबड्यावर तार पुन्हा पुन्हा वाकवून पाहिली. ज्या बाकाला मनगट सरळ राहिलं, तोच ठेवला.

मूठ साधारण १० मिलिमीटर जाड, वजन १५ ग्रॅमच्या आत. बारीक दांडी आवळून धरावी लागते, बोटं त्यानेच थकतात. पकडीवर खोल खाचा नकोत. व्हार्निश राळेसारखं चिकट. खाचेत बसलं की घासून घासून जीव जातो.

पहिला नमुना मी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये छापला होता. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, १२१ अंशांवरून, तो पार वाकडा होऊन आला. पीएलए साठेक अंशांनाच मऊ पडतं. आता मूठ स्टेनलेस स्टीलची पोकळ नळी आहे, दोन्ही टोकं बंद. ब्रश मात्र दर मुलाला नवा, त्यात तडजोड नाही.

ब्रशचे केस आखूड ठेवा. दुधाच्या सगळ्या दातांना मिळून ०.२५ मिलिलिटर व्हार्निश पुरतं. लांब केस उगाच जास्त उचलतात आणि ते जिभेवर ओघळतं.